घाम वाळेपर्यंत

अण्णाला शेवटचं पाणी मी पाजलं, असं वहिनी बारा वर्षं सगळ्यांना सांगत आली. दारी आलेल्या पाहुण्यांना, श्राद्धाला बसलेल्या भटजींना, विहिरीवरच्या बायकांना. "भाऊजी सोबत नसते तर ह्यांचा जीव तहानलेलाच गेला असता," असं ती म्हणे, आणि ऐकणारे माझ्याकडं आदरानं बघत. मी मान खाली घालून बसे. लोकांना ते भावाचं दुःख वाटे.

तिच्या सांगण्यात खोटं काही नव्हतं. पाणी मीच पाजलं. पण त्याआधी त्यानं ते चार वेळा मागितलं होतं, आणि चारही वेळा मी नाही म्हटलं होतं.

अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. उदगीरच्या प्राथमिक शाळेत मास्तर. मी तहसील कचेरीत नक्कलनवीस; आलेल्या उर्दू हुकमांच्या नकला उतरवायच्या हाच माझा दिवसभराचा उद्योग. राज्य निजामाचं होतं. आम्ही एकाच आळीत भिंतीला भिंत लावून राहत होतो. अण्णाला मूलबाळ नव्हतं. त्याला काही सांगायचं झालं की तो मधल्या भिंतीवर थाप मारी आणि हाक देई, "धाकट्या!" आईवडील गेल्यावर मला त्या नावानं हाक मारणारा तो एकटाच उरला होता.

त्याला पळायचं वेड लागलं ते एक्कावन्नाव्या वर्षी, आणि तेही रेल्वेमुळं. शाळेच्या कामासाठी त्याला बिदरला बोलावलं होतं. तो स्टेशनात पोचला तेव्हा गाडी फलाट सोडून निघाली होती. अण्णानं धोतराचा काचा मारला, छत्री बगलेत धरली आणि रुळांच्या कडेनं पळत सुटला. पुढच्या स्टेशनात गाडी समोरून येणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होती. पाच-सहा मैल पळून अण्णा तिथं पोचला आणि डब्यात चढला. गार्डानं विचारलं, "मास्तरसाब, कां से चढे?" अण्णा म्हणाला, "उदगीरसे. जरा पीछे के डिब्बे में था."

ही गोष्ट गावभर झाली. महिनाभर पोरंसोरं नि दुकानदार त्याला टोकत. "मास्तर, आज गाडी लेट हाय, दमानं घ्या." अण्णा हसे. पण त्याला स्वतःला काहीतरी नवं कळलं होतं. एका संध्याकाळी तो मला म्हणाला, "धाकट्या, खरं सांगू का, गाडी धरली त्याचं काय न्हाई रे. मला दमच लागला न्हाई. पन्नास वर्षं खुर्चीत बसून राहिलो आणि पाय हे असे हायेत ते मला ठाऊकच न्हाई." त्यानंतर तो रोज पहाटे किल्ल्याच्या खंदकाकडेनं पळू लागला.

पुढच्या वर्षी माझ्या हाताखालून एक इश्तिहार, सरकारी जाहीरनामा, गेला. निजाम हुजुरांच्या सालगिरहीनिमित्त, म्हणजे वाढदिवसाला, लातूरला खेळ व्हायचे होते, आणि त्यांत पहिल्यांदाच सव्वीस मैलांची पायी शर्यत होती. लातूरहून मुरुडच्या वाटेनं तेरा मैल जायचं आणि परत यायचं. विलायतेत अशी शर्यत असते, तिला मॅराथॉन म्हणतात, असं कुणा साहेबानं ठरवून कळवलं होतं. वयाची अट नव्हती. त्या कागदाची मी दोन वेळा नक्कल केली. एक कचेरीसाठी, एक अण्णासाठी.

इथं मला माझ्याबद्दल सांगायला हवं. तरुणपणी मी तालमीत होतो. आळीतल्या मारुतीच्या मागं आमची तालीम होती. एका कुस्तीत माझं गळ्याजवळचं हाड मोडलं, ते वाकडं सांधलं, आणि माझी कुस्ती तिथं संपली. मग कचेरी. पंचवीस वर्षांचा असताना मी टाक हातात घेतला आणि मनातून कधीच तालमीबाहेर आलो नाही. अण्णा शर्यतीत पळणार म्हटल्यावर माझ्या अंगात राहून गेलेलं सगळं मी त्याच्या पायांत घालायला निघालो. तेव्हा मला ते भावाचं प्रेम वाटत होतं.

"तुला तयार मी करतो," मी म्हणालो.

"तू? मला?"

"तालमीचा कायदा पाळायचा असेल तर."

अण्णाला गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी तो नारळ, गूळ आणि नवा पटका घेऊन मारुतीसमोर आला आणि नारळ माझ्या हातात दिला. तालमीत नारळ दिला की तुम्ही वस्तादाचे शागीर्द. मग वस्ताद म्हणेल ते खायचं, म्हणेल तेव्हा झोपायचं, उलटा सवाल करायचा नाही. पन्नाशी ओलांडलेल्या मास्तरानं धाकट्या भावाच्या पायाला हात लावला. तालमीतली मंडळी हसत होती, अण्णाही हसत होता. उठताना तो म्हणाला, "सडकेवर तू वस्ताद. घरी आल्यावर मी थोरला. हाव का?"

"हाव," मी म्हणालो.

हसण्यावारी झालेली ती गोष्ट तो शेवटपर्यंत खरी धरून चालला.

रोज पहाटे भिंतीवर तीन थापा पडत. मी उठून भाड्यानं घेतलेली सायकल काढी. अण्णा पुढं, मी मागं. लातूरकडं जाणाऱ्या सडकेवर मैलाचे दगड होते, त्यांच्यावर आमचा हिशेब चाले. ज्येष्ठात सहा मैल, मग दहा, आषाढ लागला तेव्हा सोळा. सायकलच्या दांडीला मी फिरकीचा तांब्या टांगलेला असे, पाण्यानं भरलेला. ते पाणी पळणं संपल्यावर प्यायचं. तेही लगेच नाही. अंगावरचा घाम वाळल्यावर.

हा तालमीचा पहिला कायदा होता. घामेजल्या अंगानं पाणी प्यायलं की छातीत पाणी धरतं, माणूस कायमचा बाद होतो, असं आमचे वस्ताद सांगत. एक जोडीदार कुस्तीनंतर घागरभर पाणी प्यायला आणि तिसऱ्या दिवशी मेला, हे त्यांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की तो मुलगा मी पाहिला आहे असंच मला वाटे. आम्ही लढत झाली की भिंतीला टेकून बसायचो. आमच्याकडची हवा कोरडी. वाऱ्याची एक झुळूक आली की घाम वाळायचा, अंगावर मिठाची पांढरी रेघ राहायची, आणि मग पाणी मिळायचं. त्यात त्रास असा कधी झाला नाही.

त्या वर्षी मात्र आषाढ निम्मा सरला आणि पावसानं दडी मारली. ढग हटले नाहीत, वारा पडला. हवा कोंदून राहिली. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलं, काड्या ओढल्या तरी पेटेनात. वहिनी रोज कुरकुर करी, "दोन-दोन दिवस धोतरं वाळेनात बाई, कुबट वास यायलाय." मी ते ऐकत होतो. अण्णाची ओली धोतरं दोरीवर लोंबताना मला रोज दिसत होती. आणि सोळा मैल पळून आल्यावर त्याच्या पाठीवरचा घाम का वाळत नाही, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मी पाठीला हात लावून बघे, ओली लागली की म्हणे, "अजून नाही." अण्णा झाडाखाली बसून राही, तांब्याकडं बघत. कधी घटका जाई, कधी त्याहून जास्त. एकदा तो म्हणाला, "वस्ताद, ह्या घामाला सांगा की जरा, शाळेची घंटा व्हायलीय." मी पंच्यानं पाठ पुसायची परवानगी दिली नाही. पुसलेला घाम वाळलेला धरत नसत.

आठव्या मैलाजवळ सडकेला लागून एक विहीर होती. पाऊस नव्हता म्हणून मिरचीसाठी मोट चालू होती. नवरा मोट हाकी, बायको पाटाला पाणी लावी. एके दिवशी माझ्या सायकलचं चाक बसलं आणि मी मागं राहिलो. सायकल ढकलत विहिरीपाशी आलो तर अण्णा मोट रिती होते त्या थारोळ्यापाशी ओणवा होऊन पाणी ओंजळीनं पीत होता. मला बघितल्यावर त्याच्या बोटांतून पाणी गळालं. तोंडावर चोरून चिंचा खाताना धरलेल्या पोराचं हसू आलं.

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "नारळ परत नेऊ का मारुतीला?"

"चुकलं वस्ताद. लई घसा कोरडा पडला होता."

"पन्नास बैठका."

"इथं?"

"इथंच."

पाटावरची बाई खुरपं टाकून बघत राहिली. "मास्तर, ह्यो कोण हाय ओ? फौजदार?"

"माझा वस्ताद हाय माय," अण्णा बैठका मारता मारता म्हणाला.

"तुमच्यापरीस ल्हान दिसतोय की."

"लहानच हाय. पर लई कडक हाय."

ती हसली नाही. पन्नास बैठका झाल्यावर अण्णा परतीला लागला, आणि त्या दिवशी तो जसा पळाला तसा महिनाभरात पळाला नव्हता. पायात चाळ बांधल्यासारखा. मला ते बैठकांचं फळ वाटलं. मी त्याला तसं सांगितलंही. तो फक्त म्हणाला, "असंल." त्याला काय कळलं होतं ते मला आज कळतं. त्याच्या शरीरानं त्याला हवं ते शोधून काढलं होतं आणि मी त्याला त्याची लाज वाटायला लावली. त्यानंतर त्यानं चोरून पाण्याला हात लावला नाही. मागत मात्र राहिला.

सालगिरहीला दहा दिवस होते. पूर्ण सव्वीस मैल एकदा पळून बघायचं मी ठरवलं. श्रावण लागला होता. उजाडलं तेव्हाच अंग चिकट झालं होतं. झाडाचं पान हलत नव्हतं. वहिनीनं दारातून विचारलं, "आज नाही गेलात तर नाही का चालायचं?" अण्णानं माझ्याकडं बोट दाखवलं. "वस्तादाला विचार."

तेराव्या मैलाचा दगड आला. अण्णानं त्याला हात लावला, वळला, आणि म्हणाला, "वस्ताद, घोटभर?"

"पोचल्यावर."

ते पहिल्यांदा.

परतीला विहीर लागली. ती बाई स्वतःहून कळशी घेऊन सडकेपर्यंत आली. अण्णा थांबला. त्याचं धोतर मांड्यांना चिकटलं होतं, कोपरांवरून थेंब गळत होते. "पिऊ का?" त्यानं विचारलं, तिला नाही, मला. मी मान हलवली. बाई मला म्हणाली, "तुमचं काळीज कशाचं हाय ओ?" मी सायकल पुढं काढली. मागून अण्णाची पावलं आली.

पाचव्या दगडाच्या अलीकडं चढ आहे. तिथं तो पळायचा थांबून चालू लागला. पावलं सडकेच्या ह्या कडेवरून त्या कडेला जात होती. तोंड लाल झालं होतं. तो थांबला आणि माझ्याकडं सरळ बघत म्हणाला, "धाकट्या, पाणी दे."

सडकेवर त्यानं मला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. तो खेळ सोडून बोलत होता. थोरला भाऊ मला पाणी मागत होता आणि भरलेला तांब्या माझ्या गुडघ्याला लागत होता. मी म्हणालो, "घरी गेल्यावर धाकटा. इथं मी वस्ताद आहे, अण्णा."

हे वाक्य मी कसं बोललो, कोणत्या सुरात, ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता.

तो पुढं निघाला. अर्धा मैल चालला. मग सडकेच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "बाई, पाणी दे गं." आमच्या आईला आम्ही बाई म्हणत असू. ती जाऊन वीस वर्षं झाली होती. मला वाटलं तो मला हसवायला बघतो आहे. मी म्हणालो, "पुरे नाटक, चला."

ते चौथ्यांदा.

मग तो लिंबाखाली बसला. मी सायकल टेकवली, मागून त्याच्या पाठीला हात लावला. पाठ कोरडी होती. महिनाभरात पहिल्यांदा इतक्या लवकर कोरडी. तव्यासारखी तापली होती, पण कोरडी. मला आनंद झाला. हे मी कागदावर लिहू शकेन असं मला वाटलं नव्हतं: मला आनंद झाला. "वाळला!" मी म्हणालो. "अण्णा, घाम वाळला. आता प्या." फिरकी काढून तांब्या त्याच्या तोंडाला लावला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आलं आणि छातीवर सांडलं. त्याचे डोळे उघडे होते पण माझ्यावर नव्हते. थोडंसं पाणी घशाखाली गेलं, एवढं मी बघितलं. बाकी सगळं मातीत गेलं.

एका बैलगाडीतून त्याला दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. त्यांनी अंगाला हात लावला आणि ओल्या चादरी मागवल्या. मग मला विचारलं, "पानी कब पिलाए इनको?"

"पसीना सूखने के बाद," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नंतर चादर भिजवता भिजवता ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सूखा नहीं था मियाँ. खतम हो गया था."

दिवस मावळायच्या आत अण्णा गेला.

वहिनीनं रडून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला तो हाच. "पाणी मिळालं का हो त्यांना?"

मी म्हणालो, "मिळालं वहिनी. मी पाजलं."

ती माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. मी मागं सरलो. एवढंच मला जमलं.

त्यानंतर मी तिच्या घरी कधीही गेलो की ती हातातलं काम टाकून आधी पाण्याचा तांब्या आणून माझ्यासमोर ठेवी. पाणी तर सगळेच देतात. पण ती तो दोन्ही हातांनी ठेवी, देवापुढं ठेवावा तसा. मी पीत असे. न पिता कसा राहणार? दर वर्षी अण्णाचं श्राद्ध मीच करतो, मूल नाही म्हणून. दर वर्षी त्याच्या नावानं ओंजळीतून पाणी सोडतो. त्या वेळी मागून वहिनीचा आवाज येई, ती भटजींना सांगत असे की ह्याच हातांनी.

मधल्या काळात राज्य गेलं. कचेरीत उर्दूच्या जागी मराठी आली, मी म्हातारपणाकडं झुकता झुकता पुन्हा अक्षर गिरवायला लागलो. पळण्याच्या शर्यती आता इकडंही होतात. गेल्या वर्षी गावातून अशीच एक शर्यत गेली. आमच्या दारावरून पोरं पळत होती आणि वहिनी ओट्यावर घागर घेऊन उभी होती. येईल त्याच्या तोंडात ओंजळभर पाणी घालत होती. घामानं निथळणारी पोरं पाणी पीत होती आणि पुढं पळत होती. एकही पडला नाही. मी खांबाला धरून ते बघितलं, शेवटचा पोरगा जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडं गेलो. ती तुरीची डाळ निवडत बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, तांब्या आणायला उठली. मी म्हणालो, "बसा वहिनी. आज पाणी नको." आणि सगळं सांगितलं. विहीर, बैठका, चढ, बाई, कोरडी पाठ, आनंद. सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "किती वेळा मागितलं?"

"चारदा."

"त्यात एकदा धाकट्या म्हणून?"

"हाव."

ती डाळीतून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मग ते त्यांनी वस्तादाला नव्हतं मागितलं."

मी उठलो तरी ती उठली नाही.

तेव्हापासून ती माझ्यासमोर तांब्या ठेवत नाही. बोलते, जेवायला वाढते, दुखलंखुपलं विचारते. तहान लागली की मी उठून माठातून घेतो.

परवा श्राद्ध झालं. भटजी जुनेच. दर्भ मांडता मांडता त्यांनी सवयीनं विषय काढला. "शेवटचं पाणी ह्यांनीच पाजलं ना, वहिनी?" वहिनी दाराच्या चौकटीत उभी होती. ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हणालो, "चार वेळा नाही म्हटलं, भटजी. मग पाजलं. तेव्हा त्याला गिळता येत नव्हतं."

भटजींचा हात दर्भावर थांबला. त्यांनी वहिनीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"चालू द्या," वहिनी चौकटीतूनच म्हणाली.

भटजींनी घसा साफ केला आणि पळी पुढं केली. "सोडा पाणी."

मी ओंजळ धरली.